एक वाजेपर्यंत कैदी

शुक्रवारी सकाळी मक्याच्या लापशीचा वाडगा पुढ्यात येतो न येतो तोच क्लोव्हिस गिड्रीला बातमी कळली. त्याची सुटका रविवारऐवजी आजच, अकरा वाजता! रविवारी कचेरी बंद, म्हणून दोन दिवस माफ. सगळ्या बराकीने टाळ्या पिटल्या. क्लोव्हिसच्या मात्र तोंडचं पाणी पळालं.

"मेलो!" तो म्हणाला.

शेजारच्या खाटेवर अल्फाँसकाका ताडकन उठून बसले. तीस वर्षं आत काढून काकांनी कायद्याची इतकी पुस्तकं पालथी घातली होती की वकीलसुद्धा त्यांना वचकून असत. "शिक्षा रद्द करण्याचा केंद्रीय न्यायालयाचा अर्ज टाकलास ना रे?"

"उद्या टाकणार होतो. मुदत पुढच्या महिन्यापर्यंत आहे ना?"

"मुदतीचं काय घेऊन बसलास, गाढवा! ते न्यायालय ऐकतं फक्त कैद्याचं. शिक्षा संपून फाटकाबाहेर पडलास की तू त्यांचा कोण? इथल्या टपालखिडकीवर शिक्का बसला की अर्ज पोचला, मग खुशाल सूट. तोवर हलू नकोस."

न केलेल्या घरफोडीपायी क्लोव्हिसची चार वर्षं गेली होती. ती गेली ती गेलीच. पण नावावरचा डाग पुसल्याशिवाय शाळेची बस पुन्हा हातात कोण देणार? आणि दुसरं कुठलं काम त्याला नकोच होतं. टपालखिडकी उघडायची एक वाजता.

अकराला सुटकेच्या टेबलावर डार्लीनबाई हसतमुखाने वाट बघत होत्या. "ये रे गिड्री! सही कर आणि पळ."

"मॅडम, आधी एवढं टपाल घ्या."

"सुटणाऱ्याचं घेत नाही. बाहेर पेटी आहे."

"मला बाहेर जायचंच नाही!"

काहीतरी गुन्हा केला की अडकवतील, असा त्याने हिशेब केला. टेबलावरचा बाईंचा पेकान नावाच्या सुक्यामेव्याच्या केकचा तुकडा उचलला आणि त्यांच्यासमोर गट्ट केला.

"भूक लागली होय रे? घे, अजून एक आहे."

"म्हशी!" तो ओरडला.

"नवरा रोज म्हणतो," डार्लीनबाई शांतपणे म्हणाल्या. "तुझी तक्रार लिहायची तर तीन प्रती कराव्या लागतात. शुक्रवारी कोण मरायला बसलंय?"

आता आली का पंचाईत! क्लोव्हिस शेवटी परत मिळालेल्या सामानाच्या यादीवर घसरला. "सही करणार नाही. मोजे तीन होते."

"तीन?"

"तीन. निळे."

सामान पोचल्याची सही नाही तर सुटका नाही. कोठीत उलथापालथ झाली. एका शिपायाने बिचाऱ्याने स्वतःच्या पायातला मोजा काढून दिला, तर "हा काळा आहे" म्हणून क्लोव्हिसने तो परत केला. बाहेर उन्हात गाडी लावून बसलेली त्याची बहीण बर्नाडेट हॉर्नवर हॉर्न वाजवत होती.

"लेखी तक्रार कर बाबा एकदाची!" डार्लीनबाई कावल्या. "टपालखिडकीवर द्यायची, एक वाजता. तोवर तू आमचाच!"

क्लोव्हिसला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

एक वाजून दोन मिनिटांनी खिडकीत दोन कागद गेले. वर मोज्याची तक्रार, खाली अर्ज. धाडधाड शिक्के बसले. "मॅडम, आठवलं. दोनच होते," तो म्हणाला. डार्लीनबाईंनी त्याला जवळजवळ ढकलूनच फाटकाबाहेर काढलं.

सात महिन्यांनी सरकारी वकिलाने न्यायालयात ठणकावून सांगितलं की अर्जदार त्याच दिवशी सुटला, म्हणजे तो कैदी नव्हताच. चार वर्षं ज्यांनी कोंडून ठेवलं, तेच आता नाही म्हणत होते! आणि क्लोव्हिस जिवाच्या आकांताने लिहून कळवत होता, होतो हो, मी कैदीच होतो!

न्यायाधीशांनी खिडकीची नोंदवही मागवली आणि हुकूम दिला: 'अर्ज देताना अर्जदार निःसंशय कैदी होता. सुनावणी घ्यावी.'

तो कागद डोक्यावर धरून क्लोव्हिस बर्नाडेटच्या स्वयंपाकघरात नाचला. तिने कागद वाचला, मग परत वाचला.

"चार वर्षं मी चर्चमध्ये सांगत फिरले, भाऊ समुद्रात तेलविहिरीवर कामाला गेलाय म्हणून," ती म्हणाली. "आणि तू हे चौकट करून लावणार?"

"दारासमोरच! येणाऱ्या प्रत्येकाला दिसलं पाहिजे."

बर्नाडेटने कपाळावर हात मारला आणि खिळा शोधायला गेली.