चार खाटांएवढ्या जागेतली चोरी

“माझं नाव ऐकलं की गुन्हेगार स्वतःच बेड्या शोधायला लागतात,” गुप्तहेर दाजींनी वनाधिकाऱ्याला सांगितलं. मागे त्यांचा मेहुणा छत्री, भिंग आणि जेवणाचा डबा सांभाळत उभा होता. बहिणीला शब्द दिला होता म्हणून, नाहीतर या माणसाला हरवलेलं मांजर शोधायलाही कोणी बोलवू नये, असं त्याचं प्रामाणिक मत होतं.

प्रकरण मात्र गंभीर होतं. एका रानफुलाचा पांढरा वाण. सगळ्या जगात तो फक्त या रानातल्या झाडांखाली, जेमतेम चार खाटा मावतील एवढ्या जागेत. बारा वाजता समिती येणार. फुलं दिसली तर जागा राखीव, नाहीतर इथून रस्ता. नुकत्याच बदलून आलेल्या अधिकाऱ्याने सकाळी ढगाळ हवेत येऊन पाहिलं, तर एक फूल दिसेल तर शपथ!

दाजींनी जमिनीला नाक टेकवलं. “वास नाही. म्हणजे वासासकट नेलं! अत्तरवाल्यांची टोळी.”

“साहेब, या फुलाला वासच नसतो म्हणतात,” अधिकारी म्हणाला.

“मग टोळी फसली. चिडलेली असणार, सावध राहा.”

तेवढ्यात एक मधमाशी घोंगावत आली. “बघा! गुन्हेगार गुन्ह्याच्या जागी परत येतोच.”

मेहुण्याने वहीत लिहिलं: संशयित, पाय सहा.

मग ऊन निघालं. पुरावा सुकेल म्हणून दाजींनी सगळ्या तुकड्यावर ताडपत्री ताणली. अधिकाऱ्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं. मेहुण्याला त्याची खरंच कणव आली.

बाराला दहा कमी असताना पलीकडे तण उपटायला गेलेली रखवालदार बाई परतली. “अगं बाई! कोणत्या शहाण्याने हे घातलं?”

“चोरी झालीय,” दाजी म्हणाले.

“डोंबलाची चोरी! आभाळ आलं की मिटतात ही. बाहेरून हिरवी, म्हणून गवतात दिसत नाहीत. ऊन लागलं की उघडतात. तुम्ही तर पांघरूण घालून निजवलंत त्यांना!”

तिने ताडपत्री ओढली आणि समितीची जीप येऊन थांबली. समोर नुसतं हिरवं. अध्यक्षबाईंनी पेन उघडलं. “कुठे आहेत फुलं?”

“अहो, सरका की! ऊन अडवताय,” रखवालदार बाई दाजींवर खेकसली.

दाजी सरकले. सगळे वाकून बघत राहिले. बऱ्याच वेळाने एक कळी उलगडली, मग दुसरी, आणि बघता बघता सगळा तुकडा पांढरा झाला. अध्यक्षबाई गुडघ्यावर बसल्या, त्यांनी डोळे भरून पाहिलं आणि ‘राखीव’ लिहून सही केली. अधिकारी आनंदाने रडायचाच बाकी होता.

दाजींनी मिशीला पीळ दिला. “प्रकरण मिटलं!”

“मिटलं म्हणू नका हो!” अधिकारी किंचाळला आणि फुलांकडे धावला.