तीनशे बारा हिरवे बाँड

"अप्पा, आज तुम्ही माझ्यासाठी एकच काम करा," अंबिकानं मंगळवारी सकाळी वडिलांना सांगितलं. "काहीही करू नका."

"हाव," अप्पा म्हणाले आणि बशीतला चहा फुंकू लागले.

इतक्या चटकन ते जन्मात कधी कबूल झाले नव्हते. तिथंच तिला संशय यायला हवा होता, पण तिला घाई होती. आई, म्हणजे बसम्मा, मुंबईच्या माणसांना धपाटे चालतात का, हे तिसऱ्यांदा विचारत होती. या घरातला हा शेवटचा साधा दिवस आहे, हे तिघांपैकी कुणाच्याही ध्यानीमनी नव्हतं.

गाव लातूर-नांदेड रस्त्यावरचं. नाव सांगण्यात हशील नाही. एसटी पाच मिनिटं थांबते आणि गावाचं सगळं सांडपाणी तळ्यात जातं, एवढं कळलं तरी पुरे. अंबिका लातूरच्या एका संस्थेत कामाला होती. ज्या छोट्या नगरपंचायतींना बँक दारात उभं करत नाही, अशा सात जणींची मोट बांधायची आणि सांडपाण्याचा प्रकल्प, पाण्याच्या मोटारींना सौरवीज, असल्या कामांसाठी मुंबईच्या गुंतवणूकदारांकडून एकत्र पैसा उभा करायचा, हे संस्थेचं काम. अशा कर्जाला कागदोपत्री हरित रोखे म्हणतात. बोलताना सगळे ग्रीन बाँड म्हणतात. सहा गावं तपासून झाली होती. सातवं तिचं स्वतःचं. तिचा बेत इतका चोख होता की त्यात शिंकायलाही जागा नव्हती. दहाला पाहुणे, साडेदहाला पडद्यावर माहिती, बाराला तळं, एकला धपाटे, दोनला गाडी.

अप्पांना तर त्यात मुळीच जागा नव्हती. मन्मथअप्पा तहसीलसमोर चाळीस वर्षं बसणारे अर्जनवीस. लोकांचे अर्ज, करारनामे, प्रतिज्ञापत्रं लिहून द्यायचे. अलीकडे लोक त्यांना बाँडरायटर म्हणत, कारण आपल्याकडं बाँड म्हणजे एकच. ज्या कागदावर माणूस 'लिहून देतो की' असं लिहून देतो आणि मग त्याला मागं फिरता येत नाही, तो.

दिवाळीत अप्पांनी विचारलं होतं, "अंबू, हे ग्रीन बाँड म्हंजे काय असतंय?"

अंबिका फोनवर मेल वाचत होती. मान वर न करता ती म्हणाली, "काही नाही अप्पा. गावानं लिहून द्यायचं, की मिळेल ते हिरव्या कामालाच वापरू."

"गावानं लिहून द्यायचं?"

"हं."

एवढंच बोलणं झालं. अप्पांचा जन्म लोकांकडून लिहून घेण्यात गेला होता. गावाकडून लिहून घ्यायला त्यांना कितीसा वेळ लागणार? कोर्टात वापरतात तो हिरवट लेजर पेपर त्यांनी गठ्ठ्यानं आणला आणि चार महिने घरात कुणाला न सांगता, फुकट, लिहीत राहिले.

मंगळवारी साडेदहाला अंबिका नगरपंचायतीच्या सभागृहात उभी होती. मागं पडदा, समोर मुख्याधिकारी आणि मुंबईहून आलेल्या लुंबिनी वाघमारे. प्रकल्प खरा की नुसता कागदावरचा, हे तपासणं या बाईंचं काम. त्यांचा शेरा वाईट पडला की सातही गावांची मोट सुटणार. बाई कमी बोलत आणि जास्त लिहून घेत. अंबिका सांडपाण्याच्या आकड्यांवर आली, तेवढ्यात बाहेर गलका झाला.

"काय आहे ते?" मुख्याधिकाऱ्यांनी शिपायाला विचारलं.

"रांग हाय साहेब."

"कशाची?"

"हिरव्या कागदाची. पार वेशीपस्तोर गेली."

शिपायानं हे सांगायला दार उघडलं होतं, तेवढ्या फटीतून म्हशीवाला दगडोबा आत आला. त्यानं डोक्याचा रुमाल काढून काखेत धरला आणि कागद सरळ लुंबिनी मॅडमपुढं ठेवला. "मुंबईच्या साक्षीदार तुमीच का? अप्पा म्हणले, आज तुमची सही लागती. करा."

मॅडमनी कागद वाचला. मोठ्यानं. "मी, दगडोबा, धंदा म्हशी, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की, आजपासून माझ्या चार म्हशी तळ्यात धुणार नाही. अपवाद : चैत्र व वैशाख." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "अपवाद कशाला?"

"ते उनाचं म्हशीला इचारा की."

त्याच्या मागं हॉटेलवाला शिवप्पा. भज्यांचं जळकं तेल नालीत ओतणार नाही. न ओतल्यास ते कुठं ओतावं, हे नगरपंचायतीनं लेखी कळवावं. त्याच्या मागं एक सून. ओला-सुका कचरा वेगळा करीन. सासूनं एकत्र केल्यास मी जबाबदार राहणार नाही. सासू तिच्याच मागं उभी होती. तिच्या हातातल्या कागदात हेच सुनेबद्दल होतं.

त्यात मंगळवार म्हणजे बाजाराचा दिवस. हिरवा कागद दिला की नळाला चोवीस तास पाणी येतं, असं भाजीच्या ओळीत ठरलं. तेच धान्याच्या ओळीत पोचेपर्यंत घरावर फुकट सोलर झालं, आणि बैलबाजारात तर माणशी दोन एकर. चाकूरहून बाजाराला आलेला एक जण थोरल्या भावाविरुद्धची तक्रार हिरव्या कागदावर घेऊन खिडकीतून आत हात घालत होता.

मुख्याधिकाऱ्यांना घाम फुटला. "मॅडम, यातलं काही मी मागवलेलं नाही. लेखी देतो हवं तर."

"लेखी पायजे तर अप्पा भाईरच बसून राह्यलेत," रांगेतून कुणीतरी सोय सांगितली.

आणि अप्पा आत आले. धुवट धोतर, कपाळाला विभूती, चष्म्याला दोरा, छातीशी हिरवा गठ्ठा. पोराचा निकाल लागल्यावर बाप हसतो, तसे ते हसत होते.

"तीनशे बारा झाले," ते अंबिकाला म्हणाले.

"हे कोण?" लुंबिनी मॅडमनी विचारलं.

सहा गावांत अंबिकाच्या कामावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. तिनं खिडकीतल्या हाताकडं पाहिलं, मुख्याधिकाऱ्यांच्या घामाकडं पाहिलं, चष्म्याच्या दोऱ्याकडं पाहिलं.

"इथले एक अर्जनवीस आहेत," ती म्हणाली.

रांगेतली डोकी तिच्याकडं वळली. त्या रांगेतल्या प्रत्येकानं तिला परकरात पाहिलेलं होतं. दगडोबानं तोंड उघडलं, तसा अप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"हाव मॅडम," ते म्हणाले. "तहसीलपुढं बसतो म्या. समजण्यात जरा चूक झाली माझ्या. चला, समदे भाईर चला. मिटिंग चालू हाय."

आणि चमत्कार असा, की अख्खी रांग त्यांच्या मागून निघून गेली. भावाची तक्रारसुद्धा.

संध्याकाळी अंबिका घरी आली तेव्हा अप्पा अंगणात गठ्ठ्याला सुतळी बांधत होते. "मिटिंग बरी झाली का?"

"झाली."

"मॅडमनी धपाटे खाल्ले का?"

"दोन खाल्ले."

ते खूश झाले. तिला आणखी काही बोलायचं होतं. उद्या बोलू, असं तिनं ठरवलं.

बुधवारी अकराच्या सुमाराला एका म्हाताऱ्याचं वाटणीपत्र लिहिता लिहिता अप्पा थांबले. नेमका शब्द सुचेपर्यंत ते नेहमीच असे थांबत. म्हणून म्हातारा दहा मिनिटं अदबीनं बसून राहिला. मग त्यानं शेजारच्या टेबलावरच्या मारोतीला हळूच विचारलं, "लई अवघड शब्द हाय का?"

डॉक्टर म्हणाले, हृदय. मंगळवारबद्दल त्यांना कुणी विचारलं नाही.

लिंगायतांच्या रीतीप्रमाणे अप्पांना बसवून माती दिली. "बसूनच काम केलं, बसूनच गेले, बसूनच राहिले," शिवप्पा म्हणाला. मंगळवारची सगळी रांग मातीला आली होती. सून आली, सासू आली, दगडोबा तर म्हशी न धुता आला. मंगळवारचं एक अक्षर कुणी काढलं नाही. बोलले असते तर अंबिकाला सोपं गेलं असतं.

नवव्या दिवशी लुंबिनी मॅडमचा फोन आला.

"ते हिरवे कागद अजून आहेत ना? सहा गावांनी लोकसहभागाचे ठराव पाठवलेत. सगळे एकाच मजकुराचे, त्यातल्या चुकासुद्धा त्याच. म्हशींना चैत्र-वैशाखाचा अपवाद मात्र कुणी खोटा लिहीत नाही. मला ते तीनशे बारा कागद हवेत. आणि लोकांनी आपल्यासमोर सह्या केल्या, असं ते कागद लिहिणाऱ्यांचं एक प्रतिज्ञापत्र."

"ते गेले मॅडम. दुसऱ्याच दिवशी."

"तर वारस म्हणून तुम्ही द्या," मॅडम म्हणाल्या. " अक्षर त्यांचंच आहे, एवढं लिहिलं तरी चालेल."

"वारस?"

"अहो, मी मूळची इकडचीच, हदगावची आहे. दगडोबाच्या कागदाखाली 'लिहिणार : मन्मथ शंकरप्पा धुळशेट्टे' असं होतं. आणि पडद्यावर तुमचं पूर्ण नाव होतं."

होतंच. 'सादरकर्त्या : अंबिका मन्मथ धुळशेट्टे.' प्रत्येक पानावर, वर उजव्या कोपऱ्यात. ती त्यांना परकं म्हणत होती तेव्हा त्यांचं नाव तिच्याच डोक्यामागं वीतभर अक्षरांत उजळत होतं, आणि ते फक्त तिला दिसत नव्हतं.

"तुम्ही तेव्हा बोलल्या नाहीत," ती म्हणाली.

"त्यांच्या मनात मी बोलावं असं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी अंबिका तहसीलसमोर गेली. अप्पांची खुर्ची मारोतीनं उलटी करून टेबलावर ठेवली होती. त्याच्याकडं आठ-दहा माणसं खोळंबली होती, ओळखीचीच. तिला पाहून त्यांनी वाट दिली.

मारोतीनं टंकयंत्रात कागद घातला आणि टंकता टंकता मोठ्यानं म्हणू लागला. अप्पांनीच लावलेली सवय. "मी, अंबिका मन्मथ धुळशेट्टे, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की, सोबतच्या तीनशे बारा कागदांवरील अक्षर मयत मन्मथ शंकरप्पा धुळशेट्टे यांचे असून... ताई, मयताशी नातं मुलगी. ते टाकलं. आणखी काही?"

"टाका," अंबिका म्हणाली. "की मंगळवारी मुंबईच्या बाईंसमोर मी त्यांना ओळख दिली नाही."

मारोतीची बोटं थांबली. त्यानं आजूबाजूला पाहिलं. "हे ह्यात बसत न्हाई, ताई. ह्या कागदाला ते लागत न्हाई."

"मग टंकू नका."

ती त्या आठ-दहा माणसांकडं वळली. तिचा आवाज मुळात बारीक. पण तहसीलच्या पायरीपर्यंत गेला.

"ते माझे अप्पा होते. तुमच्या सगळ्यांसमोर मला त्यांची लाज वाटली."