पावणेतीन फुटांवरची खुंटी

मुळे वकिलांच्या बॅगेत कायद्याच्या पुस्तकांबरोबर एक हातोडी असे. शिवाय शिंप्याची टेप, चार खिळे आणि जवाहर चौकातून घेतलेली एक लाकडी खुंटी. अनाथ मुलाला सांभाळू पाहणारी आजी, मावशी, काका कुणीही त्यांच्याकडे आलं, की ते आधी त्या घरी जात आणि मुलाच्या खांद्याच्या उंचीवर खुंटी ठोकत. कागदांचं नंतर.

कारखान्याच्या लॉ सेक्शनमधून निवृत्त झाल्यावर त्यांनी वकिलीची सनद पुन्हा सुरू करून घेतली होती. नातेवाइकांना मुलांचं पालकत्व मिळवून देण्याचेच खटले ते चालवत आणि फी घेत नसत. कारखान्याची आमची टाउनशिप हिंदी मुलखातली; तिथे त्यांना लोक ‘खूंटीवाले वकीलसाहब’ म्हणत. त्यांना ते माहीत होतं.

मी त्यांना पाहिलं ते आमच्या खालच्या क्वार्टरमध्ये. तिथे कुंदामावशी आणि त्यांचे यजमान वसंतराव राहत. वसंतराव कारखान्यात टर्नर. कुंदामावशींची धाकटी बहीण आणि मेहुणे अपघातात गेले आणि त्यांची सहा वर्षांची मिनी इकडे आली. दोन महिन्यांनी मिनीच्या काकांनी तिचा ताबा मागत कोर्टात अर्ज केला. त्या घरी मिनी जेमतेम दोनदा गेली होती.

मुळे आले, त्यांनी मिनीचा खांदा मोजला आणि भिंतीवर पावणेतीन फुटांवर पेन्सिलीने खूण केली.

“अहो वकीलसाहेब, ऐका तो सही,” वसंतराव म्हणाले. “भिंत कंपनीची आहे. इस्टेट ऑफिसवाले बोंबलतील.”

“बोंबलू द्या. भिंत कंपनीची. मुलगी कुणाची?”

“आमची!” कुंदामावशी म्हणाल्या.

“मग तिची बॅग अजून कोपऱ्यात का?”

मिनीची बॅग खरंच कोपऱ्यात होती. ती रोज त्यातून फ्रॉक काढी आणि संध्याकाळी घडी करून परत त्यातच ठेवी. मावशींनी कपाटाचा एक कप्पा रिकामा करून दिला होता. तो रिकामाच होता.

“पाहुण्याची बॅग कोपऱ्यात असते,” मुळे म्हणाले. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. “ती स्वतःहून काहीतरी टांगेल, त्या दिवशी वकालतनाम्यावर सही. तुम्ही सांगायचं नाही. तुम्ही टांगायचं तर मुळीच नाही.”

“आणि तारीख निघून गेली तर?”

“तारीख मी बघतो. तुम्ही चहा टाका.”

त्यानंतर पहिल्या पाळीचा भोंगा झाला, की मुळे स्कूटरवरून येत. दारातूनच विचारत, “आज?”

“नाही.”

“चहा टाका.”

चहा घेत, मिनीकडे न बघता पेपर वाचत आणि जात. वसंतराव एकदा वैतागून म्हणाले, “हे वकील आहेत की सुतार?” त्या आठवड्यात कुंदामावशी नीट जेवल्या नाहीत. काकांचा वकील नामांकित होता, आणि आपला वकील रोज येऊन भिंत बघतो, हे त्या मला जिन्यात थांबवून सांगत आणि रडत.

नवव्या दिवशी खुंटीवर मिनीची पाण्याची बाटली होती. मुळे दारातच थांबले. बॅग उघडून त्यांनी वकालतनामा काढला आणि मावशींपुढे ठेवला. त्या गडबडीत हातोडी टेबलावरच राहिली; ‘राहू द्या, निकालानंतर नेईन, तोवर दुसरी आहे,’ असं ते नंतर म्हणाले.

खटला सात महिने चालला. शेवटच्या तारखांपैकी एका तारखेला न्यायाधीश मिनीशी एकटीशी बोलले. निकालाची प्रत मी वाचली आहे. चौथ्या पानावर नोंद आहे, की घरात तुझं काय आहे असं विचारल्यावर बालिकेने ‘खूंटी’ असं उत्तर दिलं आणि हात खांद्याजवळ नेऊन तिची उंची दाखवली. पालकत्व कुंदामावशींना मिळालं.

पुढच्या रविवारी मी हातोडी द्यायला मुळ्यांकडे गेलो. आनंद नगरमध्ये त्यांच्या दोन भाड्याच्या खोल्या होत्या. ते एकटेच राहत. दाराशेजारी, माझ्या कमरेपेक्षा जराशीच उंच, एक जुनी खुंटी होती. लाकूड हाताळून गुळगुळीत झालेलं. तिच्यावर काही नव्हतं.

“ही कुणाची?”

“सुमीची. क्वार्टर सोडताना काढून आणली.” त्यांनी हातोडी घेतली. “बहिणीची मुलगी. बहीण गेल्यावर चार वर्षं माझ्याकडे होती. मग तिचे वडील आले आणि घेऊन गेले.”

“तुम्ही कोर्टात गेला नाहीत?”

“कशाच्या जोरावर? एक कागद केलेला नव्हता. दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांचे कागद करायचो. घरच्या मुलीचा कसला कागद, असं वाटायचं.” त्यांनी हातोडीचा दांडा पुसला. “केला असता तरी कदाचित हरलो असतो. पण तिला दिसलं तरी असतं, की मामा भांडला.”

“आता कुठे असते?”

“सदतीस वर्षांची असेल,” ते म्हणाले. मी विचारलं होतं त्याचं ते उत्तर नव्हतं.

त्यांनी हातोडी बॅगेत ठेवली, चेन लावली आणि बॅग उचलून खोलीच्या कोपऱ्यात ठेवली.