अनिलची सावली

सेजल वरणभात तोंडात धरून बसली होती आणि तिचा बाबा भर बाजारात एक पाय उचलून थांबला होता. तिच्या आईनं, अनुपमानं, बटण दाबलं. पुन्हा दाबलं. बाबानं उचललेला पाय कसाबसा टेकवला, दुसरा उचलला आणि पडदा काळा झाला. बॅटरी संपली. महाडात नेहमीप्रमाणे लाइट गेलेली, चार्ज कुठे करणार? सेजलनं तोंडातला घास शांतपणे ताटात परत ठेवला.

हा बाबा हातात मावेल एवढ्या व्हिडिओ गेममध्ये राहत असे. गणपतीत अनिल मुंबईहून आला तेव्हा कंपनीतल्या कुणाचा तरी जुना गेम विकत घेऊन आला होता. पाठीवर तलवार बांधलेला एक वीर आणि त्याच्या डोक्यावर इंग्रजी अक्षरांत नाव, अनिल. लेकीला मांडीवर घेऊन त्यानं सांगितलं, "हा बघ बाबा." विसर्जन झालं, खरा अनिल एसटीत बसला, गेम फळीवर राहिला. तेव्हापासून बाबा चालत असला तरच सेजल गिळायची.

गेममध्ये राक्षसांनी राज्य बुडवायला घेतलं होतं. वीरानं वेशीबाहेर पडून त्यांना मारावं, सोनं मिळवावं, चिलखत घ्यावं, अशी अपेक्षा होती. पण एकदा अस्वलानं बाबाला लेकीच्या डोळ्यांदेखत मारलं आणि पोरीनं अन्न सोडलं. मग अनुपमानं वेशीचं नाव काढलं नाही. राज्य बुडत राहिलं, आणि वीर बाजारात कोबीच्या टोपल्यांभोवती फेऱ्या मारत राहिला.

संध्याकाळी तिनं अनिलला फोन लावला. तो कंपनीत कंप्युटर दुरुस्त करायचा. रजेचं विचारलं की दिवाळीत म्हणायचा शिमग्याला बघू, आणि आता शिमगा आला तर म्हणत होता पाडव्याला. बॅटरीचं ऐकून मात्र तो खुलला. सेटिंगमध्ये जा म्हणाला, गवत काढ, धुकं काढ.

"आणि सावल्या बंद कर. सावल्याच सगळी बॅटरी खातात."

"बरं."

"लांबचं दिसणंही कमी कर, अनु. जवळचं दिसलं म्हणजे झालं. लांबचं बघून करायचंय काय?"

ह्यावर अनुपमाला बरंच काही म्हणता आलं असतं. ती "बरं" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी डोंगर गेले, गवत गेलं आणि बाबा लोण्यावरून चालल्यासारखा चालू लागला. सेजलनं ताट पुसून खाल्लं, तरी बॅटरी उरली. इतक्या महिन्यांत आपल्या हातून काहीतरी धड झालं असं अनुपमाला वाटलं. सांगायला जवळ कुणी नव्हतं, म्हणून तिनं सासूबाईंना दाखवलं.

चंद्रभागाबाई मूळच्या वर डोंगरातल्या कुडपणच्या. नात लहान म्हणून खाली महाडात येऊन राहिलेल्या. त्यांनी चष्मा पुसला आणि बराच वेळ पाहिलं.

"ह्याची सावली कुठं हाय गो?"

"काढली, आई. ह्यांनीच सांगितलं काढायला."

"अनिलनं? सोताची?"

अनुपमानं बॅटरीचं समजावलं. सासूबाईंनी मान हलवली, पण ऐकलं नाही. सावली कुणाला नसते हे कुडपणात शेंबडं पोरही सांगेल. त्यात डोक्यावर अनिलचं नाव, आणि गणपतीत खरा अनिलही त्यांना रोडावलेलाच दिसला होता. सकाळच्या एसटीनं त्या कुडपणला गेल्या आणि महिपत गुरवाला देवाला कौल लावायला सांगितला. देवानं उजवा दिला, म्हणजे होकार: पोराला घरी बोलवा. त्या दुपारी उतरल्या त्या निवांतच. पुढचं महिपत बघणार होता.

महिपतनं पोलादपुरात उतरून बूथवरून फोन केला तो अनिलच्या मुंबईतल्या मावसभावाला, सहदेवला, कारण नंबर तेवढाच होता. लाइनीत खरखर होती. महिपत ओरडला, "अनिलची सावली गेली. त्याला धाड." सहदेवला ऐकू आलं, "अनिलची माउली गेली."

सहदेवनं अनिलला कळवलं. अनिलनं घरी फोन लावून पाहिला. पण घरी सेजलनं रिसीव्हर काढून बाहुलीशेजारी पांघरूण घालून निजवला होता, आणि तो कुणाच्या लक्षात आला नव्हता. फोन सारखा एंगेज. एंगेज म्हणजे घरात माणसं जमलीत, असं सहदेव म्हणाला, आणि त्यानं जीप ठरवली.

सकाळी चंद्रभागाबाई दारात वाल सोलत बसल्या होत्या. जीप थांबली. आधी सहदेवची बायको हंबरडा फोडत उतरली, मग हार घेतलेला सहदेव, मग सुजल्या डोळ्यांचा अनिल. चंद्रभागाबाईंच्या हातातला वाल गळला.

"कोण गेलं रे?" त्यांनी विचारलं.

सहदेवच्या बायकोनं सूर लावलेलाच होता, तो मध्येच कसा सोडावा म्हणून तिनं थोडा वेळ तसाच ठेवला. चंद्रभागाबाई मात्र उठल्या, अनिलला दंडाला धरून उन्हात ओढलं आणि त्याच्या पायांशी पाहिलं. सावली होती. चांगली लांब होती. मग त्यांनी त्याला पोटाशी धरलं.

सगळा उलगडा होईपर्यंत दोनदा चहा झाला. "आई गेली म्हणून तर सोडलं साहेबांनी," अनिल पुटपुटला.

"माझ्या मरनाची रजा खाल्लीस मेल्या. आता खरी जाईन तवा काय सांगशील?"

सगळे हसले. अनुपमा हसताना आत गेली आणि तिला बाहेर यायला जरा उशीर झाला.

सेजल अनिलपासून हातभर लांब उभी होती. ह्याच्या डोक्यावर नाव नव्हतं, पाठीवर तलवार नव्हती. ती जवळ आली, त्याच्या शर्टाचं खालचं बटण बोटानं दाबलं आणि वाट बघत राहिली.

"काय पाहिजे हिला?" अनिलनं विचारलं.

"ते उडीचं बटण आहे," अनुपमा हळू म्हणाली. "मारा उडी."

अनिलनं उडी मारली. सेजलनं वरचं, तलवारीचं बटण दाबलं. तोवर अनुपमानं त्याच्या हातात लाटणं दिलं होतं.

त्यानं शिमगा केला, पोळी खाल्ली, आणि गेला. ह्या वेळी गेम मुद्दाम ठेवून गेला. सासूबाईंची एकच अट होती: बॅटरी टिको न टिको, पोराची सावली आधी लाव. अनुपमानं सावली लावली. मग कुणी सांगितलं नसताना लांबचंही लावलं. डोंगर परत आले.

बाबा पुन्हा अडखळायला लागला. एक पाऊल टाकी, थांबे, दुसरं टाकी.

"बंद पडला?" सेजलनं विचारलं.

"नाय गो," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "लांबून येतोय ना. दमत असंल."

सेजलनं जरा विचार केला, हातातला घास त्याच्या तोंडाला लावला आणि पडद्यावर वरणभात पसरला. अनुपमा पुसायला गेली, आणि पुसायचं राहिलं. भाताआडून बाबाचं पुढचं पाऊल कधी पडतंय ते तिघी बघत बसल्या.