पुडक्यात काय होतं?

लिफ्टमिस्त्री तोंडी परीक्षेत दोनदा आपटला होता आणि ही तिसरी खेप शेवटची होती. पास झाला तर सुपरवायझर, म्हणजे खुर्चीत बसून इतरांना वर चढवायचं. नापास झाला तर निवृत्त होईपर्यंत स्वतःच लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचं. गुडघ्यांनी आपला कौल केव्हाच दिला होता. हातांना सगळं काम येत होतं, पण नियमांचं पुस्तक उघडलं की पहिल्या पानावर जांभई आणि दुसऱ्या पानावर घोरणं, अशी त्याची प्रगती होती.

"अहो, कोणत्या लग्नात कोणती मावशी कोणाला काय बोलली, ते शब्दन् शब्द आठवतं तुम्हाला," बायको म्हणाली. "मग या चार ओळींनी काय घोडं मारलंय?"

"मावशी पुढे काय बोलेल याची उत्सुकता असते गं! यात काय? स्विच बंद करा, कुलूप लावा. पुढे काय झालं, हे विचारावंसंच वाटत नाही."

बायको पार्लरमध्ये केस कापायची. गोष्ट अर्ध्यावर अडवून ठेवली की गिऱ्हाईक मान हलवत नाही, हे तिचं धंद्यातलं गुपित होतं. तिने पुस्तक ओढून घेतलं.

"आमच्या पार्लरशेजारी ती दातांची डॉक्टरीण आहे ना? तिच्याकडे वरच्या मजल्यावरचा बासरीवाला सारखा येतो. एकच दात चारदा दाखवून झाला, आणि दात ठणठणीत!"

मिस्त्री उठून बसला. "मग?"

"लिफ्टच्या केबिनवर चढण्याआधी मेन स्विच बंद करून कुलूप लावावं. किल्ली आपल्याच खिशात ठेवावी. म्हणा."

"अगं, पण बासरीवाला?"

"आधी म्हणा!"

त्याने घाईघाईत म्हटलं आणि गंमत म्हणजे ते डोक्यात बसलं. पाहुण्यासाठी दार उघडलं की मांजरही आत शिरतं, तसे बासरीवाल्यामागोमाग नियम आत येऊ लागले. ब्रेक तपासेपर्यंत डॉक्टरीणबाई लाजली. अडकलेल्या माणसांना आधी धीर द्यावा, इथवर आल्यावर बासरीवाल्याने तिच्या दाराशी एक पुडकं ठेवलं.

"पुडक्यात काय होतं?"

"परीक्षा झाल्यावर सांगेन."

मिस्त्रीला अन्न गोड लागेना. शेवटी दुखत नसलेली दाढ घेऊन तो थेट डॉक्टरीणबाईकडे गेला. तोंड उघडं ठेवून खोलीभर डोळे फिरवले. पुडकं काही दिसलं नाही, पण दाढेत खरंच कीड निघाली आणि सुजलेला गाल घेऊन तो घरी आला. बायकोने कपाळावर हात मारला.

परीक्षेला साहेब पुस्तक उघडून बसले होते. "केबिनवर चढण्याआधी काय कराल?"

"मेन स्विच बंद, कुलूप, किल्ली आपल्या खिशात. दात मात्र ठणठणीत होता, साहेब."

"कोणाचा दात?"

"बासरीवाल्याचा." मिस्त्रीने जीभ चावली. पुढच्या प्रश्नाला त्याने निग्रहाने बासरीवाला गाळला, तर त्याच्याबरोबर नियमही गेला. डोकं कोरं करकरीत. आता सगळं संपलं, असं वाटून त्याला रडूच येऊ लागलं.

साहेब जरा पुढे झुकले. "बरं, त्या बासरीवाल्याने मग काय केलं?"

मग काय! मिस्त्री सुटला. बासरीवाला आणि ब्रेक, डॉक्टरीण आणि दोरखंड, सगळं ओळीने बाहेर आलं. पुडक्यापाशी येऊन तो थांबला.

"पुढे?" साहेबांनी विचारलं.

"पुढचं बायकोला माहीत, साहेब."

"उद्या निकालाला या. विचारून या."

घरी पोचताच त्याने चपलाही न काढता विचारलं, "पुडक्यात काय होतं?"

"कसलं पुडकं? अहो, वरचा मजला रिकामाच आहे. रचलं होतं सगळं मी!"

मिस्त्री मटकन खाली बसला. निकालाची काळजी बाजूला राहिली. बासरीवाला नाहीच, या विचाराने त्याला संध्याकाळभर करमेना. बायकोला त्याची दया आली आणि हसूही आलं.

दुसऱ्या दिवशी साहेब त्याची वाटच बघत होते. "मिस्त्री, इतकी वर्षं मी परीक्षा घेतोय, पण पुस्तक समोर लागतंच. आज दाढी करताना सगळे नियम धडाधड तोंडपाठ म्हटले मी! आमच्या हिला वाटलं, मला काहीतरी झालं. तुम्ही पास. आता सांगा, काय होतं पुडक्यात?"

मिस्त्रीचा जीव भांड्यात पडला. खरं सांगून टाकावं, असं ओठांवर आलं होतं. पण साहेब खुर्चीच्या अगदी कडेवर येऊन बसले होते आणि त्या चेहऱ्याची निराशा करणं त्याला जमेना.

"साहेब, सुपरवायझरच्या वर कुठली परीक्षा असते?"

"इन्स्पेक्टरची. का?"

"तेव्हा सांगतो."

साहेबांनी कॅलेंडर पुढे ओढलं. "लवकरात लवकर कधी बसताय?"