दहा अधिक पाच, गुणिले आठ

दुकानाचा फोन पहिल्यांदाच एकट्या रझियाच्या हाती आला होता. तिचा नवरा मेहबूब मोठा टेंपो घेऊन चिंचवडच्या एका लग्नाला गेला होता आणि खडकी बाजारातल्या मंडपाच्या दुकानात ती एकटीच होती. समोर दहावीचं गणिताचं पुस्तक उघडं होतं. बाहेरून परीक्षेला बसायचं तिनं ठरवलं होतं. गेल्या वर्षी बाकी सगळे विषय सुटले होते, गणित तेवढं राहिलं होतं.

लेकीनं, शाइस्तानं, कालच तिला 'कंचेभागुबेव' शिकवलं होतं. आधी कंस, मग 'चे', मग भागाकार-गुणाकार आणि शेवटी बेरीज-वजाबाकी. रझियानं ते भांडी घासताना पाठ केलं, कपडे वाळत घालताना पाठ केलं. एवढी वर्षं आपण डावीकडून सुरू करून सरळ उजवीकडे जात होतो, याची तिला आता थोडी लाजच वाटत होती.

तेवढ्यात कोथरूडच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी, ओगलेकाका, यांचा मेसेज आला. संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये ज्येष्ठांसाठी व्याख्यान होतं. खाली लिहिलं होतं, 'खुर्च्या : १० + ५ × ८'.

रझियाचा चेहरा उजळला. अगदी पुस्तकातलं गणित. आधी गुणाकार, पाच आठे चाळीस. मग दहा. पन्नास. एखाद्या अडाण्यानं एकशेवीस पाठवल्या असत्या, असं मनाशी म्हणत तिनं छोट्या गाडीच्या ड्रायव्हरला बोलावून पन्नास खुर्च्या चढवायला लावल्या आणि पहिलीच ऑर्डर म्हणून स्वतःही गाडीत बसली. मेहबूबनं एकदा फोन करून खात्री करून घेतली असती. पण ज्याला गणित येत नाही त्यानं खात्री करायची, असं तिला वाटलं.

खुर्च्या उतरवून गाडी दुसऱ्या कामाला गेली. ओगलेकाका हॉलमध्ये आले, चष्मा वर करून त्यांनी खुर्च्यांकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं,

"बाकीच्या कुठे आहेत?"

"एवढ्याच, काका. पन्नास."

"बाई, आपल्याकडे व्याख्यान आहे. संगीत खुर्ची नाही."

रझियानं त्यांना नम्रपणे कंचेभागुबेव समजावून सांगितलं. ओगलेकाकांची सगळी हयात बँकेत गेली होती. त्यांनी खिशातून जुना कॅल्क्युलेटर काढला आणि दहा अधिक पाच गुणिले आठ करून तिच्यापुढे धरला. एकशेवीस. पण बाजूला उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी सहज आपल्या मोबाइलवर तेच केलं. पन्नास.

"तुमचा मोबाइल बिघडलाय," ओगलेकाका म्हणाले.

"तो तुम्हीच आणलाय," आनंदीबाई म्हणाल्या.

तोवर माणसं येऊ लागली होती. शेजारच्या सोसायट्यांनाही आमंत्रण होतं. पन्नास खुर्च्या बघता बघता भरल्या आणि उरलेली मंडळी भिंतीला टेकून उभी राहिली. रझियानं मेहबूबला फोन लावला. तिकडे बँड वाजत होता, तरी तिनं ओरडून ओरडून काय झालं ते सांगितलं. जेवणं उरकली की निघतो, एवढंच त्याचं उत्तर ऐकू आलं. पुढे तो काय म्हणाला असेल, याची कल्पना तिला बँडच्या आवाजातही करता आली. आपल्याला ना दुकान जमणार ना गणित, असं तिला वाटून गेलं.

मग लोक घरून खुर्च्या आणायला धावले. कुणी जेवणाच्या टेबलाची आणली, कुणी चाकांची. एका आजोबांनी झोपाळ्याची फळी आणून दोन स्टुलांवर ठेवली. चाकांच्या खुर्चीवरचे गृहस्थ फरशीच्या उतारामुळे आपोआप महिलांच्या बाजूला सरकत होते आणि दर वेळी माफी मागत परत येत होते.

व्याख्यानाचा विषय 'मौनाचं सामर्थ्य' असा होता. वक्ते बोलायला उभे राहिले, पण दोन उत्तरांची बातमी एव्हाना शेवटच्या रांगेपर्यंत पोचली होती. ज्यांच्याकडे कॅल्क्युलेटर होते ते एकशेवीसच्या बाजूचे, मोबाइलवाले पन्नासच्या. मौनानं माणूस स्वतःच्या आत वळतो, असं वक्ते म्हणाले तेव्हा मागून कुणीतरी विचारलं की यंत्र खोटं कसं बोलेल.

रझिया दाराशी उभी राहून खुर्च्यांकडे पाहत होती. हॉलमधली येण्याजाण्याची वाट मधोमध नव्हती, जरा उजवीकडे होती. वाटेच्या डावीकडे दहा खुर्च्या बसत होत्या, उजवीकडे पाच. अशा आठ रांगांची जागा होती. तिला एकदम लख्ख दिसलं. ती दबक्या पावलांनी ओगलेकाकांपाशी गेली.

"काका, माझी चूक झाली. दहा आणि पाच एकाच रांगेतले. त्यांना आधी एकत्र घ्यायला हवं होतं."

"हेच मी मघापासून सांगतोय."

"पण मग त्यांच्याभोवती कंस हवा ना, काका. कंस नसेल तर समोरच्याला रांग कशी दिसणार?"

ओगलेकाकांनी मोबाइल काढून आपलाच मेसेज पुन्हा वाचला. वक्ते बोलायचे थांबले होते. त्यांनी ते ऐकलं होतं. मग टेबलावरचा माइक उचलून त्यांनी रझियापुढे धरला आणि म्हणाले, "ताई, तुम्ही हे एकदा सगळ्यांना सांगून टाका. माझं मौन नंतर बघू."

रझियानं पहिल्या रांगेतल्या मंडळींना उठवलं, डावीकडच्या दहा आणि उजवीकडच्या पाच जणांना एकमेकांचे हात धरायला लावले. हा कंस, ती म्हणाली. आता आठानं गुणा. मग हात सोडायला सांगितले. आता एकटे पाचच आठाच्या शेजारी उभे आहेत, ते पाचच गुणले जाणार, दहा जण नुसते बाजूला उभे. हॉलमध्ये हशा पिकला. चाकांच्या खुर्चीवरच्या गृहस्थांनी भागाकार आधी की गुणाकार, असं विचारलं. दोघांचा मान सारखा, डावीकडून जो आधी येईल तो आधी, असं तिनं सांगितलं. जुन्या कॅल्क्युलेटरला मात्र कंचेभागुबेव येत नाही, तो डावीकडून सरळ उजवीकडे जातो, म्हणून त्याचं एकशेवीस, हेही सांगितलं. आपल्याला हे येतं, हे तिला ते सांगतानाच कळलं.

त्याच वेळी दारात मेहबूब दिसला. घामाघूम झालेला, माफी मागायच्या तयारीनं हात जोडून. माइकपाशी आपली बायको उभी बघून त्याचे हात तसेच राहिले.

"उभे काय राहिलात, बसा," ओगलेकाका हलक्या आवाजात म्हणाले. "तास चालू आहे."

मेहबूब झोपाळ्याच्या फळीवर आजोबांशेजारी अवघडून टेकला. थोडा वेळ त्यानं ऐकलं, मग भीतभीत हात वर केला. टेंपोत सत्तर खुर्च्या होत्या, त्या उतरवायच्या की परत न्यायच्या, एवढंच त्याला विचारायचं होतं.

रझियानं त्याच्याकडे पाहिलं.

"प्रश्न शेवटी," ती म्हणाली.

मेहबूबनं हात खाली घेतला.