शेवटची एकवीस मिनिटं

ललिता गेल्याचा फोन आला तेव्हा भीमसेन सोफ्यावर बसल्या बसल्या झोपले होते आणि समोर टीव्हीवर एक आंधळा म्हातारा बांबूच्या शेंड्यावर एका पायावर उभा होता. दुपारचे पावणेचार झाले होते. फोन सुयशचा होता. नीट ऐकू यावं म्हणून भीमसेननी रिमोटने चित्रपट थांबवला, मुलाचं बोलणं ऐकून घेतलं, "निघतो" म्हणाले आणि सायकलची किल्ली शोधू लागले. हॉस्पिटल अकरा किलोमीटरवर होतं. बसही जाते, हे त्यांना अर्ध्या वाटेत आठवलं.

म्हातारा दोन दिवस बांबूवर तसाच उभा होता. तिसऱ्या दिवशी सुनेने, तेजलने, टीव्ही बंद केला. पण त्याआधी भीमसेननी पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा बघून ठेवला होता. एक तास एकतीस मिनिटं झाली होती. एकवीस राहिली होती.

त्या दुपारी ते झोपायला घरी आले नव्हते. चित्रपट बघायला आले होते आणि तेही ललिताच्या सांगण्यावरून. ललिताला तलवारवाल्या चिनी चित्रपटांचं वेड होतं. माणसं कौलांवरून धावतात, तळ्यावरून चालत जातात, एक बाई चाळीस जणांना आडवं करते आणि केस विस्कटत नाहीत, असले चित्रपट. जवळच्या उइटहॉर्न या डच गावातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून ती त्यांच्या डीव्हीडी आणायची आणि मेथी निवडत बघायची. भीमसेन शेजारी बसायचे आणि दहाव्या मिनिटाला झोपायचे. पंचवीस वर्षं त्यांनी सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं होतं. "चुका काढायची सवय आहे मला. माणूस उडाला की माझा विश्वास उडतो," असं ते म्हणत.

"तुम्हाला उडता येत नाही म्हणून दुसऱ्या कोणी उडूच नये का?" ललिता विचारायची.

हॉस्पिटलमध्ये सहाव्या दिवशी तिने त्यांना सांगितलं, "तो निळ्या झाकणाचा सिनेमा अर्धा राहिलाय माझा. तुम्ही घरी जा, शेवट बघा आणि मला येऊन सांगा."

भीमसेन घरी आले, डीव्हीडी लावली आणि झोपले. जाग आली तेव्हा टीव्हीवर नुसती नावं सरकत होती.

"मग? काय झालं शेवटी?" ललिताने दुसऱ्या दिवशी विचारलं.

"मिटलं सगळं."

"कसं मिटलं?"

"बोलून."

"बोलून?"

"हो. मग सगळे घरी गेले. चहा प्यायले."

ललिताने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. "एवढी तलवारबाजी करून चहा?"

"थंडी होती तिकडे."

"बरं," ती म्हणाली. "आज परत जा. नीट बघा. काहीतरी सुटलंय तुमच्या नजरेतून."

ते परत गेले आणि परत झोपले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आंधळ्या गुरुजींना दृष्टी आल्याचं सांगितलं. ललिता "हो का?" म्हणाली आणि तिने त्यांना पुन्हा पाठवलं. त्या तिसऱ्या वेळी फोन आला.

वर्षभर भीमसेनना बाकी काही नाही तरी तो चहा टोचत राहिला. बायकोने एक शेवटची गोष्ट मागितली, तीही त्यांनी मनाने रचून सांगितली होती. कितीदा तरी ते रिमोट हातात घेऊन बसले. आता झोप येत नव्हती. रात्रीही येत नव्हती. पण चित्रपट थेट एक तास एकतीस मिनिटांवर नेऊन ठेवला की पुढे चालू करायला अंगठा धजत नव्हता. मग त्यांनी ठरवलं की पहिल्या स्मृतिदिनी चार लोकांना बोलवायचं आणि सगळ्यांबरोबर चित्रपट बघायचा. लोकांसमोर तरी मधून उठता येणार नाही. खरा शेवट काय होता ते एकदा कळेल.

त्यांनी वस्तीतल्या समाजकेंद्राचा हॉल रविवारी दोन ते पाच घेतला आणि ग्रुपवर लिहिलं, "ललिताच्या प्रथम स्मृतिदिनानिमित्त रविवारी दुपारी दोन वाजता सर्वांनी यावे." खाली डीव्हीडीच्या झाकणाचा फोटो टाकला. झाकणावर मुंडन केलेले एक वृद्ध बौद्ध भिक्खू, आपल्याकडे भन्ते म्हणतात तसे, झाडाखाली डोळे मिटून बसले होते. वरती चिनी अक्षरं होती. चित्रपट आहे हे त्या फोटोवरून कळेलच असं भीमसेनना वाटलं, म्हणून त्यांनी ते वेगळं लिहिलं नाही.

संध्याकाळी शलाकाताईंचा फोन आला. त्या लायडस्खेनडाम गावात राहायच्या आणि ललिताचं या मैत्रिणीशी रोज तासभर फोनवर बोलणं चालायचं.

"भीमसेनभाऊ, फोटो बघितला. चीनचे आहेत का?"

"हो, चीनचे."

"एवढ्या लांबून. कसं जमवलंत हो?"

"ललितानेच आणून ठेवलंय. मी फक्त लावणार."

दुःखात माणूस काहीही बोलतो, असं शलाकाताईंना वाटलं असावं. "पण भाऊ, भन्ते लोक बारानंतर जेवत नाहीत आणि तुम्ही दोनला बोलवलंय. भोजनदानाचं कसं करायचं?"

"जेवताना काही दिसत नाहीत कुठे," भीमसेन डीव्हीडीचं झाकण उलटसुलट करून बघत म्हणाले.

"मग फळं आणते," शलाकाताई म्हणाल्या.

इकडे तेजलला वाटलं, चार लोकच येणार, हॉल रिकामा दिसेल, बाबांना वाईट वाटेल. तिने आपल्या आठ वर्षांच्या मुलीच्या, मनालीच्या, ज्युडो क्लासच्या पालकांना कळवलं की रविवारी मारामारीचा चित्रपट आहे, मुलांना पाठवा, हवं तर ड्रेस घालून पाठवा.

रविवारी पावणेदोनला भीमसेन सायकलच्या मागच्या टोपलीत डीव्हीडी प्लेअर बांधून हॉलवर पोचले. झोप लागू नये म्हणून त्यांनी तीन कॉफ्या घेतल्या होत्या. दार उघडलं आणि ते उंबऱ्यातच थांबले. सगळा हॉल पांढरा होता. पन्नासेक माणसं पुण्यानुमोदनाला, गेलेल्या माणसाच्या स्मरणाच्या बौद्ध विधीला, येतात तशी पांढऱ्या साड्या आणि पांढरे सदरे घालून आली होती. डेल्फ्टहून आलेल्या विद्यार्थ्यांनीसुद्धा कुठून तरी पांढरे शर्ट पैदा केले होते. पुढच्या दोन रांगांत वीस मुलं पांढऱ्या ज्युडोच्या ड्रेसमध्ये बसली होती. पडद्याच्या बरोबर समोर पांढरी चादर टाकलेली एक खुर्ची होती आणि शेजारी फळांची टोपली.

"भन्तेजी मागून येतायत का?" शलाकाताईंनी हळूच विचारलं.

"कोण भन्तेजी?"

शलाकाताईंनी मोबाईलवरचा फोटो दाखवला. भीमसेननी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधल्या होत्या. ही स्वतःची चूक सापडायला त्यांना अर्धं मिनिट लागलं.

"ताई, तो सिनेमा आहे."

शलाकाताईंनी फोटो पाहिला, रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि साडीचा पदर तोंडाला लावला. त्या रडतायत असं समजून मागच्या दोन बायकाही रडायला लागल्या.

आता सगळे आलेच होते, तर वंदना न करता सिनेमा कसा लावणार? वंदना घ्यायला मधूकाका उभे राहिले. ते पुण्याच्या पोस्टातून निवृत्त झालेले, तीन महिन्यांच्या व्हिसावर मुलीकडे आलेले आणि अडीच महिने कोणी काही काम न सांगितल्यामुळे कंटाळलेले होते. त्यांनी काही म्हणजे काही सोडलं नाही. मेणबत्त्या लावल्या. तिसरी पेटली तेवढ्यात हॉलच्या व्यवस्थापक मारलेनबाई दारातून जवळजवळ धावतच आल्या. इथे ज्योत पेटवायला मनाई होती. छतातलं यंत्र वाजलं असतं तर अग्निशमनाची गाडी आली असती. मेणबत्त्या विझवायच्या कशा यावर दहा मिनिटं गेली, कारण स्मृतिदिनाची मेणबत्ती फुंकायला कोणीच तयार नव्हतं. शेवटी सुयशने त्या पेटत्याच उचलून बाहेर सायकलस्टँडवर नेऊन ठेवल्या. तिथलं काम वाऱ्याने केलं.

मग लोक ललिताबद्दल बोलले. एकजण उभा राहिला म्हणून दुसरा राहिला. भीमसेन घड्याळाकडे बघत होते, पण आपल्या बायकोबद्दल कोणी चांगलं बोलत असताना आवरा असं कसं म्हणणार? चित्रपट सुरू झाला तेव्हा साडेतीनला एक मिनिट कमी होतं.

दुसऱ्या मिनिटाला पडद्यावर चौदा माणसं मेली.

"भीमसेनराव," मधूकाका कानाशी येऊन म्हणाले, "आत्ताच पंचशील घेतलं ना आपण? प्राणिहत्या नको म्हणालो."

"आपण नाही करत आहोत काका. ते करतायत."

"पण आपण बघतोय ना."

तेवढ्यात पडद्यावर झाकणावरचे ते भिक्खू आले. मागच्या रांगांनी हात जोडले. "साधु, साधु, साधु," असा पन्नास जणांचा आवाज झाला. पुढच्याच क्षणी भिक्खूंनी जागेवरून उडी मारून सहा जणांना भिंतीतून पलीकडे पाठवलं. जोडलेले हात तसेच राहिले. खाली कधी घ्यायचे ते कोणाला कळेना.

"कुणाला मारलं नाही बरं का त्यांनी," मधूकाका जरा वेळाने सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "नुसतं बाजूला केलं."

त्यानंतर हॉल त्या चित्रपटाचा झाला. बोलणं चिनी होतं आणि खालची अक्षरं डच. पाहुण्या आलेल्या आईवडिलांना दोन्ही कळत नव्हतं, म्हणून मनालीला खुर्चीवर उभं केलं. ती वाचून सांगू लागली. "ती लेडी म्हणते, व्हेअर इज माय टीचर. तो म्हणतो, आय वोन्ट टेल यू."

"का नाही सांगत मेला?" एक आजी म्हणाली.

"ही इज बॅड, आजी."

"ते दिसतंयच तोंडावरून."

ज्युडोची मुलं प्रत्येक फेकीला गुण देत होती. एक डच मुलगा ओरडून सांगत होता की ही पकड चुकीची आहे. एका आजोबांनी विचारलं की बाई तळ्यावरून चालते तर बुडत का नाही. "सवय आहे तिला," दुसऱ्या आजी म्हणाल्या. शिष्या आंधळ्या गुरुजींचे पाय धुते तिथे बायका खरंच रडल्या. मारलेनबाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन दारात उभ्या होत्या, त्यांनीही नाक पुसलं. भीमसेनना झोप आली नाही. दीड तास त्यांनी पापणी मिटली नाही. ललिता मेथी निवडताना मधेच का हसायची, ते त्यांना तीन ठिकाणी कळलं.

गुरुजी बांबूच्या बनात शिरले. भीमसेननी खुर्ची घट्ट धरली. गुरुजी शेंड्यावर चढले. एक पाय उचलला. शिष्येने तलवार काढली आणि म्यान टाकून दिलं.

हॉलमधले दिवे लागले आणि पडदा पांढरा झाला.

"पाच वाजले," मारलेनबाई डचमध्ये म्हणाल्या. त्यांनाही वाईट वाटत होतं. पण बाहेर पाचच्या योगवर्गाच्या वीस डच बायका सतरंज्या गुंडाळून उभ्या होत्या. सुयशने फक्त वीस मिनिटं मागून पाहिली. पाच म्हणजे पाच. भारतीय लोक योगासाठी हॉल सोडत नाहीत असं दिसू नये म्हणून सगळे मुकाट्याने उठले.

सायकलस्टँडजवळ सत्तर पांढरी माणसं वाऱ्यात उभी राहिली. घरी कोणी जाईना.

"भीमसेनराव, पुढे काय होतं तेवढं सांगा," मधूकाका म्हणाले. "माझं विमान बुधवारी आहे."

"हो भाऊ, ती मारते का गुरुजींना?"

"आजोबा, टेल ना," मनाली म्हणाली.

भीमसेन डीव्हीडी प्लेअर पोटाशी धरून उभे होते. आणखी एकदा चहा सांगता आला असता. त्यांनी मान हलवली.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "मी बघितलेला नाही. ललिताने हॉस्पिटलमधून मला तीनदा पाठवलं, शेवट बघून ये म्हणून. मी तिन्ही वेळा झोपलो. तिला खोटंच सांगितलं. सगळे घरी गेले आणि चहा प्यायले, असं सांगितलं."

शलाकाताईंनी पुन्हा पदर तोंडाला लावला, पण या वेळी त्या हसत होत्या हे सगळ्यांना दिसलं.

"तो चहा," त्या म्हणाल्या. "भाऊ, तिने त्याच संध्याकाळी मला फोन केला होता. म्हणाली, अगं, आमच्या ह्यांनी शेवट सांगितला, चहा प्यायले म्हणे. मी चार वेळा बघितलाय तो सिनेमा, चहा कुठेच नाही."

"चार वेळा?"

"मला अख्खी गोष्ट तोंडपाठ आहे तिच्यामुळे. मी म्हटलं, मग त्यांना कशाला पाठवतेस? तर म्हणाली, माणूस सहा दिवस त्या खुर्चीत बसलाय, डोळ्याला डोळा नाही. घरी जाऊन झोपा म्हटलं तर ऐकत नाही. हा सिनेमा लावला की दहा मिनिटांत झोपतो, मला खात्री आहे. आज परत पाठवलंय."

भीमसेननी प्लेअरची लोंबणारी वायर नीट गुंडाळली.

"आणि गुरुजींना दृष्टी आली म्हणालो, ते?" त्यांनी विचारलं.

"त्यावर तर ती इतकी हसली की नर्स आली बघायला." शलाकाताईंनी डोळे पुसले. "शेवट सांगू का तुम्हाला?"

सत्तर माणसं जवळ सरकली.

"यांना सांगा," भीमसेन म्हणाले. "मी जातो पुढे."

त्यांनी प्लेअर टोपलीत बांधला आणि सायकल काढली. मागे शलाकाताईंचा आवाज आणि मग मधूकाकांचं "अरे वा" ऐकू आलं, तेव्हा त्यांनी पायडल जरा जोरात मारलं.

घरी त्यांनी डीव्हीडी लावली, पहिल्यापासून. सोफ्याच्या नेहमीच्या बाजूला बसले. चौदा माणसं मेली. भिक्खू आले. सहा वाजता तेजल आणि मनाली घरी आल्या तेव्हा टीव्हीवर ती बाई तळ्यावरून चालत होती आणि भीमसेन तोंड उघडं टाकून घोरत होते. वर्षभरात त्यांना असं झोपलेलं कोणी पाहिलं नव्हतं. तेजलने त्यांच्या अंगावर पांघरूण घातलं आणि आवाज कमी केला.

निळ्या झाकणाची डीव्हीडी अजून प्लेअरमध्येच आहे. शेवटची एकवीस मिनिटं बघायची राहिली आहेत.